जिद्द एकट्याची नसते



काही वर्षांपूर्वी मिरजेच्या कडेच्या एका वस्तीतून आम्हाला बोलावणे आले. घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर दुसऱ्या मजल्यावरून पडला होता. सोबतच्या गड्यांनी त्याला हातापायाला धरून उचलले आणि टेम्पोत घातले. मणक्याचे ऑपरेशन झाले. कमरेखालचे अंग गेले. घरी पाठवताना त्याच्या आईच्या हातात डिस्चार्जचा कागद दिला आणि ‘काळजी घ्या’ असे सांगितले.

आम्ही गेलो तेव्हा त्याला घरी येऊन तीन आठवडे झाले होते. खोलीत शिरताच वासावरून आम्हाला कळले. कुशीवर वळवून पाहिले, तर माकडहाडावर मूठभर जखम. आई म्हणाली, “सिस्टर, त्याला तिथं काय दुखत न्हाई वो. मग जखम कशाची?”

दुखत नव्हते, म्हणूनच जखम झाली होती. हे त्या माऊलीला कोणी सांगितले नव्हते. वॉर्डात ड्युटी करत असताना आम्ही तरी किती जणांना सांगितले होते? रात्रपाळीला चाळीस पेशंट असत, आणि आम्हीही कागद हातात देऊन ‘काळजी घ्या’ म्हणूनच पुढे जात होतो. नोकरी सोडून वस्त्यांत फिरू लागल्यावर त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हाला कळला.

तो मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. बघायला येणारा प्रत्येक जण मोबाईलवर कुणा अपंग खेळाडूचा व्हिडिओ दाखवायचा आणि म्हणायचा, “बघ, हात नसून पोरगं पोहतंय. तू जिद्द धर.” एके दिवशी तो आम्हाला म्हणाला, “सिस्टर, जिद्द धरतो. पण आधी मला कुणी कूस बदलून द्या.”

या अंकाचा धडा त्या एका वाक्यावर आहे.

साताऱ्यातले एक घर

बाबासाहेब साताऱ्यात शिकत होते, हे आपल्या लेकरांनाही माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या शाळेत दाखल झाले आणि तो दिवस आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या घरातली एक गोष्ट मात्र आपण फारशी सांगत नाही. आई भीमाबाई गेल्या होत्या. सुभेदार रामजी नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात राहत. साताऱ्याच्या घरात मुलांजवळ वडीलधारे माणूस एकच होते, ते म्हणजे मीराबाई आत्या. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की आत्या फार मायाळू होत्या, पण अंगाने ठेंगण्या आणि पायांनी अधू होत्या. आधाराशिवाय त्यांना हलता येत नसे. पुष्कळदा उचलून न्यावे लागे. म्हणून शाळेत जाणारी चार मुलेच घरचा स्वयंपाक करायची. भाकरी थापता येत नसे, म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायची.

या घराकडे नीट पाहा. ज्यांना उचलून न्यावे लागे, त्याच आत्या त्या घराचा आधार होत्या. मुले त्यांना उचलत होती आणि त्या मुलांना माया देत होत्या. कोण कोणावर ओझे होते, याचा हिशोब मांडता येत नाही.

पुढे बाबासाहेबांचे शरीरही थकले. शेवटच्या वर्षांत मधुमेह, पायांचे दुखणे आणि मंद होत चाललेली नजर त्यांच्या पाठी लागली होती. त्याच अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर छापून आला. त्यांची जिद्द आपण सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. पण पथ्यपाणी आणि औषध सांभाळणाऱ्या डॉक्टर माईसाहेब तिथे होत्या. रात्री जागून हस्तलिखित टाईप करणारे नानकचंद रत्तू होते. बाबासाहेबांसारख्या माणसाच्या ध्येयालाही जवळच्या माणसांचे हात लागले. मग सेंट्रिंगवरून पडलेल्या आपल्या पोराने सगळे एकट्याने करावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

पेठचे पेटकर

इस्लामपूरजवळचे पेठ हे मुरलीकांत पेटकर यांचे गाव. लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे सैन्यात ईएमई दलात भरती आणि तिथे बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जबर जखमी झाले आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. पुढे पुण्यात त्यांनी टेल्कोत नोकरी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला आणि २०२४ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

आता हीच गोष्ट नर्सच्या नजरेने वाचा. त्यांच्या मागे लष्कराचे रुग्णालय होते. पाठीला जखम होऊ नये म्हणून बघणारी नर्सिंगची माणसे होती. पाण्यात उतरवणारा फिजिओथेरपिस्ट होता. हायडेलबर्गला जाण्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत होती. पोहणे मात्र पेटकरांचेच होते. ते त्यांच्या जागी दुसरे कोणी करू शकत नव्हते. पण माणूस पाण्यापर्यंत पोहोचवावा लागतो. जिद्दीला आधी पाणी मिळावे लागते. आपल्या वस्तीत पुष्कळदा जिद्द असते, पण पाणी नसते.

करगणीचे खिलारी आणि मोडलेला हात

दुसरे उदाहरण आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांचे. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला. पुढे त्यात गँगरीन झाले आणि हात कायमचा अधू राहिला. त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले, खेळ सोडला नाही. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक फक्त सहा सेंटिमीटरने हुकले.

पदकाचा आनंद करूच. पण हाड मोडल्यावर हातपाय कसा वाचवायचा, हे आरोग्याच्या पानावर सांगणे आमचे काम आहे. प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यावर पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका:

– बोटे निळी, पांढरी किंवा थंड पडणे.
– बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे, बोटे हलेनाशी होणे.
– गोळी घेऊनही दुखणे वाढतच जाणे, आणि कोणी बोट सरळ केले तरी जीव जाईल असे दुखणे.

अशा वेळी हातात थोडेच तास असतात. तेवढ्या वेळात प्लास्टर सैल झाले पाहिजे, नाहीतर आतले मांस मरते. कामट्या लावून करकचून बांधणाऱ्याकडे पोराला नेऊ नका. खर्च वाचवायला जाल आणि हात घालवून बसाल.

आधी शरीर सांभाळा

मणक्याला मार लागलेला, पक्षाघात झालेला किंवा कोणत्याही कारणाने अंथरुणाला खिळलेला माणूस घरी असेल, तर पुढचे नीट वाचा आणि कात्रण भिंतीला चिकटवा.

उचलताना: उंचावरून पडलेल्या माणसाला हातापायाला धरून उचलू नका. १०८ ला फोन करा. हलवणे भागच असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्या. मार लागल्यावरही मणक्याची इजा चुकीच्या उचलण्याने वाढते.

कातडी: दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीही. घरातल्या माणसांनी पाळ्या लावून घ्या. एकट्या आईवर टाकू नका. व्हीलचेअरवर बसलेल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलावे किंवा पुढे वाकावे. रोज सकाळी माकडहाड, नितंब, घोटे आणि टाचा बघा. लाल चट्टा बोटाने दाबून सोडल्यावरही तसाच लाल राहिला तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळू नका, त्या अंगावर भार देऊ नका. बसायला टायरची रिंग वापरू नका, तिने कडेचा रक्तपुरवठा दबतो. अंग बधिर असेल तिथे गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजले तरी त्याला कळणार नाही. वाकळेला सुरकुती नको, चादर ओली नको.

लघवी: नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा आणि नळीला पीळ पडू देऊ नका. ठराविक तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायची पद्धत डॉक्टरांनी शिकवली असेल, तर हात साबणाने धुऊन ती वेळेवर पाळा. लघवी गढूळ झाली, वास मारू लागली किंवा थंडी वाजून ताप आला तर आरोग्य केंद्र गाठा. मणक्याचा मार छातीच्या मध्यापासून वर कुठेही असेल आणि अचानक डोके फुटेल असे दुखून चेहऱ्याला घाम सुटला, तर त्याला ताबडतोब उठवून बसवा, नळी तुंबली आहे का ते बघा आणि थेट दवाखान्यात न्या. तेव्हा रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढलेला असू शकतो.

सांधे आणि पोट: लुळे पडलेले हातपाय रोज दोनदा हळूहळू पूर्ण हलवा, नाहीतर सांधे आखडतात. एकच पाय सुजला, गरम लागला तर तो चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. शौचाची वेळ रोज एकच ठेवा. पालेभाजी, कडधान्ये आणि पाणी आहारात असू द्या. जखम भरायला अंडी, डाळ, दूध, मासे असे अन्न लागते.

मग मन

अंग गेल्यावर माणूस रडतो, चिडतो, गप्प होतो. तो शोक आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. पण जेवण तुटले, झोप गेली, दारू वाढली, ‘मी तुम्हाला ओझं झालोय’ असे वारंवार येऊ लागले किंवा मरणाची भाषा सुरू झाली, तर तो आजार समजा. त्याला एकटे सोडू नका. तणनाशक, कीटकनाशक, गोळ्यांच्या पुड्या घरातून हलवा. ‘मरायचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

आणखी एक विष घरातूनच मिळते. “मागच्या जन्माचं काहीतरी असणार.” आपल्या घरांतही, बुद्धवंदना झाल्यावर, हे वाक्य आम्ही ऐकले आहे. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात, हे मत बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तपासून नाकारले आहे. याच मतावर आपल्याला गावाबाहेर ठेवले गेले होते. तेच मत आपण आपल्या अधू लेकराच्या माथी कसे मारतो? तो पडला, कारण त्या इमारतीवर दोर नव्हता आणि जाळी नव्हती. तिचा पाय गेला, कारण साखर वेळेत तपासली गेली नाही. अशी कारणे शोधली की पुढचा माणूस वाचवता येतो.

हेतू कसा सापडतो

हेतू म्हणजे पदक नव्हे. ‘आज माझी कोणाला तरी गरज आहे’ हे कळणे म्हणजे हेतू. वस्त्यांतल्या कामातून आम्हाला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, रोजचे एक काम त्याच्याकडे द्या आणि ते खरोखर त्याच्यावर सोडा. लसूण सोलणे, पोरांचा अभ्यास घेणे, बचत गटाची वही लिहिणे. चुकले तर चुकू द्या.

दुसरी, त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी गाठ घालून द्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना कोवळ्या वयात कमरेखालचा पक्षाघात झाला. निराशेच्या त्या दिवसांत त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः तसेच अपंग होते आणि हाताने चालणारी मोटार चालवत. त्या भेटीने त्यांना दिशा मिळाली. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ आपल्या वाचनालयात असायला हवे. आपल्याकडे पुरुष अधू झाला तर बायको सेवा करते आणि बाई अधू झाली तर तिला माहेरी धाडतात. म्हणून नसीमाताईंचे नाव आम्ही मुद्दाम सांगतो.

तिसरी, दाराबाहेर काढा. वर्षानुवर्षे एकाच छताकडे बघणाऱ्याला हेतू कुठून दिसणार?

मिरजेच्या त्या मुलाची जखम भरायला पाच महिने लागले. त्याच्या आईने, चुलतभावाने आणि शेजारच्या दोन बायकांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. आता तो मोबाईलवर वस्तीतल्या लोकांचे सरकारी अर्ज भरतो. नवीन कोणी मणक्याचा पेशंट घरी आला की आमच्यासोबत येतो, जखमेचा वण दाखवतो आणि म्हणतो, “दुखत न्हाई म्हणून गप बसू नका.” आम्ही तासभर सांगून जे पटत नाही, ते त्या वणाने पटते. त्याचे सगळे छान झाले असे नाही. लघवीचे इन्फेक्शन अजून वर्षातून दोनदा होते. जिच्याशी लग्न ठरले होते ती गेली.

आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या लाजेची. त्या वस्तीतल्या विहाराला सात पायऱ्या होत्या. दोन वर्षे १४ एप्रिलचा कार्यक्रम त्याने गल्लीत खुर्चीवर बसून ऐकला. कमानीला वर्गणी जमत होती, उताराला जमत नव्हती. ज्या समाजाला पायरीवर अडवले गेले, त्यानेच आपल्या माणसाला पायरीवर अडवले. तिसऱ्या वर्षी उतार झाला. पहिल्या दिवशी त्यावरून तो मुलगा गेला आणि त्याच्या मागोमाग गुडघे धरलेल्या चार म्हाताऱ्या गेल्या.

हक्काचे कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि मानसिक आजारही त्यात येतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा या कायद्याने गुन्हा आहे.

– यूडीआयडी कार्ड सगळ्यात आधी काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. आधार, फोटो आणि उपचाराचे सगळे कागद जपून ठेवा.
– संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला लागतो.
– ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले?
– एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

हे कागद काढायला अधू माणसाला एकट्याला पाठवू नका. सोबत एक जण जा, म्हणजे ‘उद्या या’ म्हणणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली किंवा घराबाहेर न पडणारी किती माणसे आहेत? त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का?
२. आपल्या विहारात, वाचनालयात आणि शौचालयात व्हीलचेअर जाते का? नसेल तर उताराला किती खर्च येईल, आणि तो पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून निघेल का?
३. कोणाची तरी रात्रीची कूस बदलायची एक पाळी आपल्यापैकी कोण घेईल?

तिसऱ्या प्रश्नाला एक जरी हात वर झाला, तरी हे पान लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम.